जिथे दुखणं जास्त, तिथेच डॉक्टर कमी

आत्याला अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्री तिच्या उशाशी एक कापड दुकानाची पिशवी होती. पिशवीत सहा वर्षांचे केसपेपर, गुडघ्याचे दोन एक्स-रे आणि गोळ्यांच्या संपलेल्या पट्ट्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते कागद तारखेप्रमाणे लावले. सहा वर्षांत ती चौदा वेळा कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे गेली होती. गुडघे, खोकला, अंगदुखी, चक्कर, परत गुडघे. बीपीचा आकडा एकाच कागदावर होता, १७०/१००. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या भेटीत तो पुन्हा मोजलेला नव्हता आणि त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरच वेगळे होते.

तिच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. ती जी तक्रार सांगायची तिच्यावर तिला औषध मिळत होतं. बीपीची तक्रार तिने कधी केली नाही, कारण बीपी दुखत नाही. चौदा वेळा डॉक्टरांसमोर बसूनही तिचा खरा आजार कुणाच्याच हाती लागला नाही, हे मला फार वर्षं कुरतडत राहिलं. पुढे ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश फॅमिली डॉक्टरचं काम वाचनात आलं. असल्याच कागदांच्या ढिगातून या माणसाने जगभर शिकवला जाणारा एक नियम शोधून काढला होता, आणि तो नियम एका गावात उलटवूनही दाखवला होता. आरोग्यातल्या विषमतेवर पुष्कळ जड शब्दांत लिहिलं जातं. मला ती याच डॉक्टरच्या कामातून नीट समजली, म्हणून त्याच वाटेने सांगतो.

हार्ट यांचा जन्म १९२७ साली लंडनमध्ये झाला. आई-वडील दोघेही डॉक्टर. वडील स्पेनच्या यादवी युद्धात शस्त्रक्रिया करायला गेले होते. ज्युलियन केंब्रिजला आणि लंडनला शिकले, १९५२ साली डॉक्टर झाले, लंडनच्या गरीब वस्तीत त्यांनी काही वर्षं प्रॅक्टिस केली आणि मग साथरोगशास्त्राकडे वळले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं ज्यांनी सिद्ध केलं ते रिचर्ड डॉल, आणि औषधोपचारांची कठोर चाचणी घेतली पाहिजे असा धोशा ज्यांनी आयुष्यभर लावला ते आर्ची कॉकरन, या दोघांच्या हाताखाली ते शिकले. अशा माणसाने मोठ्या शहरात प्राध्यापक व्हावं अशीच अपेक्षा असते. १९६१ साली त्यांनी साउथ वेल्समधल्या अफान खोऱ्यात, ग्लिनकोरूग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात दवाखाना घेतला. गावची वस्ती दोन हजारांच्या आसपास. रस्ता तिथेच संपतो, पुढे डोंगर. ते तिथे १९८७ पर्यंत राहिले.

गावाची अवस्था डोळ्यांसमोर आणली तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. खाणीत काम केलेल्या पुरुषांची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरलेली. थंडी, दमट घरं, सिगारेट. १९७० च्या सुमारास गावची खाण बंद झाली आणि पोटापाण्याचं साधनच गेलं. राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ पासून सुरू होती. ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हेही वेल्समधल्या अशाच एका खाणीच्या गावचे. डॉक्टर फुकट, औषध जवळजवळ फुकट. पैशाची अडचण निघाली म्हणजे गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी सेवा मिळेल, असं कुणालाही वाटेल.

तसं होत नव्हतं. हार्ट यांनी आकडे गोळा करून ते दाखवलं. २७ फेब्रुवारी १९७१ च्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्यातल्या दोन वाक्यांनी त्यांचं नाव कायमचं झालं. पहिल्या वाक्याचा आशय असा: चांगली वैद्यकीय सेवा किती मिळते आणि ती किती लागते, यांचं नातं व्यस्त असतं. शाळेत आपण सम प्रमाण आणि व्यस्त प्रमाण शिकलो. एक वाढलं की दुसरं वाढतं ते सम. एक वाढलं की दुसरं घटतं ते व्यस्त, मजूर वाढले की दिवस कमी लागतात तसं. आरोग्यसेवा गरजेच्या सम प्रमाणात हवी, ती प्रत्यक्षात व्यस्त प्रमाणात मिळते. ज्या भागात आजार आणि मृत्यू जास्त, तिथल्या डॉक्टरकडे पेशंट जास्त, जागा जुनी, मदतीला माणसं कमी, मागे उभं राहणारं रुग्णालय कमकुवत. मराठीत ‘व्यस्त’चा दुसरा अर्थ कामात बुडालेला असा होतो. या नियमाला तोही अर्थ चपखल बसतो, कारण नियम चालतो तो बहुतांशी डॉक्टरच्या वेळेतून.

दुसरं वाक्य लोक बरेचदा गाळतात. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. वैद्यकीय सेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितका हा नियम कडक चालतो; बाजाराचा हात जितका आखडता, तितका तो सैल पडतो. हार्ट कम्युनिस्ट होते, त्या पक्षाकडून त्यांनी संसदेच्या निवडणुकाही लढवल्या, त्यामुळे हे वाक्य पक्षाचं आहे असं म्हणून बाजूला सारणारे तेव्हाही होते. पण पक्ष विसरून नुसतं वाक्य तपासलं तरी ते टिकतं. जिथे फी मिळते तिथे दवाखाना उघडतो, आणि फी निरोगी, कमावत्या माणसांच्या वस्तीत मिळते. वाक्यात आशाही आहे. नियम सैल पडू शकतो, म्हणजे तो गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गाचा नियम नव्हे. माणसांनी लावलेली व्यवस्था आहे, तेव्हा माणसं ती बदलू शकतात.

फुकट सेवेतही नियम का चालतो, हा खरा कोड्याचा भाग आहे. इथे समानता आणि समन्याय यांतला फरक लागतो. दुष्काळात तालुक्यातल्या प्रत्येक गावाला रोज एक टँकर दिला तर ती समानता झाली. पण एका गावच्या विहिरीला अजून पाणी आहे आणि दुसऱ्या गावची विहीर जानेवारीतच आटली आहे. आटलेल्या गावाला तीन टँकर मिळाले तर तो समन्याय. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरचं उत्पन्न मुख्यतः नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर ठरायचं, माणशी ठरावीक रक्कम. शहराच्या सधन उपनगरातला तिशीतला निरोगी बँक कर्मचारी आणि दमा, बीपी, कंबरदुखी, बेकारी असं सगळं एकदम घेऊन आलेला पन्नाशीचा खाण कामगार, दोघांसाठी रक्कम जवळपास सारखीच. पहिला वर्षातून एकदा येणार, दुसरा महिन्यातून दोनदा. रक्कम तीच राहिली आणि काम कित्येक पट झालं, की डॉक्टर एकच गोष्ट करू शकतो: प्रत्येकाची वेळ कापणं.

आणि वेळ कापली गेली की आधी जातं ते न विचारलेलं. पेशंट जे सांगतो त्यावर गोळी लिहून देण्याइतका वेळ असतो. ‘घरी कसं आहे’, ‘झोप लागते का’, ‘बीपी मोजू या का’ एवढ्याला नसतो. शिकलेला माणूस स्वतःच विचारतो, हट्ट धरतो, दुसरं मत घेतो, त्यामुळे त्याला थोड्या वेळातही बरंच मिळतं. न शिकलेला माणूस डॉक्टरांना त्रास नको म्हणून दुसरी तक्रार पोटातच ठेवतो. आत्याने चौदा वेळा तेच केलं.

आता हार्ट यांनी काय केलं ते पाहू. पहिली काही वर्षं त्यांची आलेली गर्दी उपसण्यात आणि गावाची नोंदवही धड करण्यातच गेली. प्रत्येक माणसाचं कार्ड नीट, वाचता येईल असं, एका जागी. हे काम वाचताना कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते त्यांच्या संशोधनाचा पायाच हा होता. कोण आलं हे कुठलाही दवाखाना सांगू शकतो. कोण आलं नाही हे सांगायचं तर पूर्ण यादी हवी. एनएचएसमध्ये प्रत्येक माणसाचं नाव एका डॉक्टरकडे नोंदलेलं असतं, म्हणजे यादी हातात होतीच. हार्ट यांनी तिचा वापर करायचं ठरवलं.

१९६८ साली त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायला घेतला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं की फार चढलेला रक्तदाब औषधाने खाली आणला तर झटके आणि मृत्यू खरोखर टळतात. म्हणजे उपाय होता. तो कुणाला द्यायचा तेच कळत नव्हतं, कारण दुखणं मुकं. हार्ट यांनी शिबिर भरवलं नाही, मांडव टाकला नाही. खोकल्यासाठी आला, पट्टा बांधला. मुलाला घेऊन आली, पट्टा बांधला. रजेचं प्रमाणपत्र हवंय, आधी पट्टा. गावातली बहुतेक माणसं वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी दवाखान्यात येतातच, त्यामुळे वेगळा खर्च न करता जवळजवळ सगळं गाव मोजून होतं. मग यादीवर जी नावं कोरी राहतात त्यांच्या मागे जायचं. निरोप धाडायचा, घरी जायचं, सवडीची वेळ विचारायची. आपल्या संपूर्ण यादीतल्या माणसांचा रक्तदाब मोजणारा हा जगातला पहिला फॅमिली डॉक्टर म्हणून ओळखला जातो.

कोऱ्या राहिलेल्या नावांवर इतका जीव का टाकायचा? न येणारी माणसं आणि येणारी माणसं सारखी नसतात. तपासणीला आपणहून येतो तो बहुधा तब्येतीची काळजी घेणाराच. जो टाळतो त्याला भीती असते, दारू असते, कामाचे तास आडवेतिडवे असतात, किंवा आधी कुणीतरी झिडकारलेलं असतं. म्हणून शंभरातल्या ऐंशींना तपासलं की ऐंशी टक्के काम झालं असं होत नाही. धोका उरलेल्या वीसांत दाटून असतो. आरोग्याच्या कुठल्याही सरकारी अहवालात ‘इतके टक्के उद्दिष्ट साध्य’ असं वाचलं की मला आता पहिल्यांदा उरलेले आठवतात.

रक्तदाबाच्या बाबतीत अर्ध्याचा नियम म्हणून एक हिशेब वैद्यकात प्रसिद्ध आहे. तो अमेरिकेत पहिल्यांदा मांडला गेला आणि हार्ट यांनी त्यावर बरंच लिहिलं. चढा रक्तदाब असलेली १०० माणसं घ्या. त्यांतल्या निम्म्यांना, म्हणजे ५० जणांना, आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. उरलेल्या ५० पैकी निम्म्यांवर उपचार चालू नसतात. राहिले २५. त्यांतल्या निम्म्यांचा रक्तदाब औषध घेऊनही आटोक्यात नसतो. शंभरातल्या बारा-तेरा जणांनाच विज्ञानाचा खरा लाभ झाला. औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, दुकानात आहे, तरी आठातल्या सातांना त्याचा खरा लाभ झालाच नाही. नवं औषध शोधण्यावर जग पैसा ओततं. हार्ट यांचं सगळं काम या सातांमधल्या गळतीवर आहे: कुठे गळतं, का गळतं, आणि ती बुजवायला काय लागतं.

त्याचं उत्तर त्यांनी एका माणसाच्या फाइलमधून दिलं, आणि मला त्यांच्या सगळ्या लिखाणात तेच सर्वांत भिडतं. खोऱ्यातला एक कामगार. वजन खूप, रक्तदाब फार चढलेला, पुढे मधुमेहही. हार्ट यांनी हिशेब मांडला की २५ वर्षांत दवाखान्यातल्या माणसांनी त्याला ३१० वेळा पाहिलं, एकूण ४१ तास. भागाकार केला तर एका भेटीला जेमतेम आठ मिनिटं येतात. सुरुवातीला डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर बसायचे, हळूहळू शेजारी शेजारी बसायला लागले, असं हार्ट म्हणतात. आणि डॉक्टर म्हणून आपल्याला सर्वांत समाधान कशाचं, तर जे घडलं नाही त्याचं: झटका आला नाही, हृदयविकार झाला नाही, मूत्रपिंडं निकामी झाली नाहीत.

४१ तास म्हणजे साध्या नोकरदाराचा एका आठवड्याचा कामाचा वेळ. एवढ्यात एका माणसाची २५ वर्षं राखली गेली. पण ते तास एका माणसाच्या, एका दवाखान्याच्या खात्यावर जमा झाले, म्हणून त्यांना अर्थ आला. ३१० भेटी ३१० वेगवेगळ्या डॉक्टरांकडे झाल्या असत्या तर प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली असती. आत्याच्या पिशवीत चौदा भेटी होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. फॅमिली डॉक्टर ही काय चीज आहे हे याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

हे सगळं हार्ट यांनी एकट्याने केलं नाही. पत्नी मेरी संशोधनात बरोबरीने होत्या. परिचारिका आणि नोंदणी टेबलावरच्या बायका गावातल्याच, कोणाचं घर कुठे आणि कोण कोणावर रुसलंय हे त्यांना ठाऊक. दवाखान्याला पुढे ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत संशोधन करणारं फॅमिली प्रॅक्टिस म्हणून मान्यता मिळाली आणि वैद्यकीय संशोधन परिषदेचे अनेक अभ्यास तिथे आधी करून पाहिले गेले. मीठ आणि रक्तदाब यांच्या अभ्यासासाठी गावकऱ्यांनी चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवून दिली. कामावर, मित्रांत, घरात, दिवसभर ती बाटली सांभाळायची. विद्यापीठातून आलेल्या परक्या माणसासाठी हे कोण करेल? पण ज्या डॉक्टरने आपल्या बापाचा शेवट सांभाळला, त्याने मागितलं तर गाव देतं.

२५ वर्षांच्या कामाचा हिशेब १९९१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. चढ्या रक्तदाबाच्या पेशंटांचा सरासरी आकडा उपचारांआधी १८६/११० होता, तो १४६/८४ वर आला. त्यांच्यात सिगारेट ओढणारे ५६ टक्के होते, ते २० टक्के राहिले. आणि अकाली मृत्यू, म्हणजे पासष्टीच्या आतले, अशी शोधमोहीम नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत पाव भागाहून अधिक कमी. दोन गावांची तुलना म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली काटेकोर चाचणी नव्हे, आणि गाव छोटं असलं की आकडे हलतात, हे खरंच आहे. हार्ट यांच्या गुरूंनी, कॉकरन यांनी, ती शंका सर्वांत आधी काढली असती. तरीही खाण बुडालेल्या, बेकार झालेल्या गावात मृत्यू कमी व्हावेत हे आपोआप घडत नाही. मला तो पुरावा पुरेसा वाटतो. २००४ पासून ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या करारात रक्तदाब मोजणं, नोंदणं आणि आटोक्यात ठेवणं याला वेगळा मोबदला आला. ग्लिनकोरूगच्या कार्डांवर जे चाललं होतं ते छत्तीस वर्षांनी देशाच्या कारभारात शिरलं.

नियम मात्र संपलेला नाही. मिठाच्या अभ्यासात हार्ट यांच्याबरोबर काम केलेले ग्रॅहम वॉट पुढे ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. स्कॉटलंडमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या १०० दवाखान्यांचे डॉक्टर त्यांनी २००९ साली एकत्र आणले. गटाचं नाव ‘डीप एंड’, पोहण्याच्या तलावाचा खोल भाग. उथळ भागात पाय टेकून उभं राहता येतं. खोल भागात सतत हातपाय मारावे लागतात. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख माणसांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच माणसाला दोन-तीन जुनाट आजार असण्याची अवस्था गरीब भागात श्रीमंत भागापेक्षा १० ते १५ वर्षं आधी येते, असं त्यात दिसलं. म्हणजे पंचेचाळिशीतला गरीब माणूस साठीच्या सधन माणसाचे आजार घेऊन येतो, त्यात बरेचदा मनाचं दुखणंही असतं. आणि त्याला डॉक्टरची वेळ मिळते ती मात्र तुलनेने कमी. फुकट सेवेच्या देशात, नियम सांगितला गेल्यावर चाळीस वर्षांनी.

या गोष्टीत आपला एक धागा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. साउथ वेल्सच्या ज्या खोऱ्यांत ब्रिटिश डॉक्टर जायला तयार नव्हते, तिथले दवाखाने साठ आणि सत्तरच्या दशकांपासून मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी चालवले. मोठ्या रुग्णालयांतल्या चांगल्या जागा त्यांना सहजी मिळत नव्हत्या, म्हणून ते कोळशाच्या खोऱ्यांत गेले, तिथेच राहिले, खोऱ्यांच्या चार पिढ्या त्यांनी सांभाळल्या. त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. पण नकाशा थोडा लांबून पाहिला की हार्ट यांचाच नियम पुन्हा दिसतो, या वेळी जगाच्या मापाचा. जिथे डॉक्टर आधीच कमी, त्या देशातल्या गरीब करदात्याच्या पैशावर शिकलेला डॉक्टर श्रीमंत देशाची उणीव भरून काढायला गेला.

महाराष्ट्रात दुसरं वाक्य जास्त लागू पडतं. आपल्याकडे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा मोठा भाग खासगी दवाखान्यांत आणि खिशातल्या पैशावर चालतो, म्हणून व्यस्त प्रमाणाची धार जास्त. कागदावर प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० ला एक असा आहे. म्हणजे दुर्गम भागाला जास्त लागतं हे तत्त्व निकषातच मान्य केलेलं आहे, समन्यायाचं तत्त्व. पण केंद्राची इमारत आणि त्यातला डॉक्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

नियम उलटवण्याची उदाहरणंही इथेच आहेत. जामखेडला १९७० साली काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं आणि त्यांची पद्धत मला हार्ट यांच्या पद्धतीची सख्खी बहीण वाटते: आधी सगळ्यांची यादी, सगळ्यांची मोजणी, मग उपचार. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. दवाखान्यात आलेल्यांवरून हिशेब केला असता तर हा आजार त्या भागात जवळजवळ नाहीच, असं उत्तर आलं असतं. दहा वर्षांनी, १९९९ साली, ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित गावकरी बायकांच्या कामाचा निकाल त्याच नियतकालिकात आला. तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मोठं रुग्णालय न बांधता.

हार्ट यांना २००६ साली ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने पहिलं डिस्कव्हरी पारितोषिक दिलं. जुलै २०१८ मध्ये, एक्क्याण्णव्या वर्षी, ते गेले.

आत्या आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. गेल्या माघात गावी गेलो तेव्हा आमच्या आशाताई ओट्यावर बसून फॉर्म भरत होत्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा असा फॉर्म भरून बीपी आणि साखर तपासायची मोहीम आता गावोगाव चालते. मी त्यांची वही मागून पाहिली. आखलेले रकाने, निळ्या शाईत नावं, नावांपुढे आकडे. मधूनमधून रकाने कोरे होते आणि तिथे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: ‘कारखान्याला’. आमच्या बीडकडची ही माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि तपासणीचे बहुतेक दिवस नेमके ती नसताना येतात. पहाटेपासून मोळ्या वाहणारी, उघड्यावर झोपणारी, तंबाखूवर दिवस काढणारी.

“हे तर सुटले की, ताई,” मी म्हणालो.

“सुटले कसे?” त्यांनी वही परत घेतली. “म्हणून तर पेन्सिलीनं लिहिलंय. चैत्रात येतेत माघारी. कोपीचं सामान उतरायच्या आत जाऊन मोजते. नाहीतर परत कुठं घावतेत?”